एचसीजीची अँटिबॉडी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

एचसीजी हे गरोदरपणात वारेत तयार होणारं हॉर्मोन; त्याचा रेणू अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांचा. त्याला नेमकं चिकटणारं प्रथिन म्हणजे त्याची अँटिबॉडी.

प्रश्न : एचसीजीसाठी अँटिबॉडी मागवायची आहे. कॅटलॉगमध्ये अल्फाही दिसते, बीटाही. कोणती घ्यावी? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, कोल्हापूर)

बीटा. ९२ अमिनो आम्लांची अल्फा साखळी एलएच, एफएसएच आणि टीएसएच या हॉर्मोन्समध्येही असते. अल्फाच्या अँटिबॉडीला या चौघांत फरक कळत नाही. एचसीजीची बीटा साखळी १४५ अमिनो आम्लांची. तीही एलएचच्या बीटाशी बरीच जुळते, पण तिचं शेवटचं शेपूट एलएचमध्ये नसतं. त्यामुळे मागवण्याआधी डेटाशीटमध्ये एलएचशी क्रॉस-रिॲक्शन (चुकून त्यालाही चिकटणं) किती दिली आहे ते पाहाच. शेपटाला चिकटणारी अँटिबॉडी नेमकी असते, पकड मात्र बहुधा जरा सैल.

प्रश्न : एचसीजीसाठी रंगवल्यावर वारेची अख्खी सेक्शन (पातळ काप) तपकिरी होते. चूक कुठे? (पॅथॉलॉजी लॅबमधील तंत्रज्ञ, राजारामपुरी)

रंग हवा तो विलीच्या (वारेतल्या बोटांसारख्या फांद्यांच्या) बाहेरच्या आवरणावर, म्हणजे सिन्सिशिओट्रोफोब्लास्टवर. आतला गाभा त्या मानाने स्वच्छ दिसायला हवा. आधी एक स्लाइड प्रायमरी (एचसीजीला चिकटणारी पहिली अँटिबॉडी) न घालता करा. हे टाळून पुढे गेलात तर नुसते अंदाज बांधत बसाल. तीही तपकिरी झाली, तर संशय तांबड्या पेशींतल्या पेरॉक्सिडेजवर (रंग आणणारं एन्झाइम) किंवा सेकंडरीवर (प्रायमरीला चिकटणारी दुसरी अँटिबॉडी). ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं ठेवा, मग ब्लॉकिंग करा (अँटिबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून). ती स्वच्छ आली, तर प्रायमरी बहुधा दाट आहे: १:१००, १:२००, १:४००, १:८०० अशा चार स्लाइड एकाच दिवशी लावा. विलींच्या मधल्या रक्तातही एचसीजी असतं, तिथला फिका रंग चूक समजू नका.

फक्त कडा गडद असतील तर सेक्शन वाळली आहे. एप्रिलच्या उन्हाळ्यात पंख्याखाली हे हमखास होतं. झाकणाच्या डब्यात ओला फिल्टर पेपर ठेवा, प्रत्येक सेक्शनवर १००-२०० मायक्रोलिटर थेंब पूर्ण पसरू द्या.

प्रश्न : लाईट सारखी जाते. अँटिबॉडीची कुपी कशी सांभाळू?

आल्या दिवशीच १०-२० मायक्रोलिटरचे भाग करा, तारीख आणि लॉट नंबर घालून उणे २० अंशांवर ठेवा. एक भाग एकदाच वितळवायचा. उरलेला पुन्हा गोठवू नका, ४ अंशांवर ठेवून लवकर संपवा. पातळ केलेली अँटिबॉडी गोठवू नका. एचआरपी (रंग आणणारं पेरॉक्सिडेज) जोडलेल्या अँटिबॉडीत सोडियम अझाइड घालू नका, एन्झाइम बंद पडतं.

प्रश्न : एचसीजी भरपूर असूनही सँडविच एलायझात (दोन अँटिबॉडींमध्ये एचसीजी पकडून मोजण्याच्या चाचणीत) आकडा कमी का येतो?

हूक इफेक्ट. एचसीजी इतकं जास्त असतं की दोन्ही अँटिबॉडींना वेगवेगळे रेणू चिकटतात आणि सँडविच जुळतच नाही. नमुना १:१० आणि १:१०० करून पुन्हा लावा; पातळ केल्यावर आकडा वाढला तर हेच कारण. आणि कुपीवर 'फक्त संशोधनासाठी' असेल, तर त्या निकालावर रुग्णाचा रिपोर्ट देऊ नका.