तयार बाहुलीघर परगावच्या ग्राहकाला सुखरूप कसं पाठवायचं?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचा हिशेब सगळ्यांना कळेल. कोकणी पद्धतीचं दुमजली घर, 1:12 माप (खऱ्या घरातला एक फूट म्हणजे इथे एक इंच), 75 सेंटिमीटर रुंद, 45 खोल, 70 उंच. एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) भिंती, मातीची बारीक कौलं, आत सामान आणि दिवे. वजन 14 किलो. जायचंय कोल्हापूरहून बेंगळुरूला, आणि कुरिअरवाल्याने सांगितलेला भाड्याचा आकडा ऐकून तुम्ही हबकल्या आहात. मी पुण्यात याच मापाचे वाडे आणि घरं करते, आणि त्यातली बरीचशी बाहेरगावीच जातात. त्यावरून सांगते.

बाहुलीघर बाहेरून मार बसून मोडतं त्यापेक्षा आतून जास्त मोडतं. माजघरात एक दगडी जातं सुटं राहिलं, तर 600 किलोमीटरभर ते खोलीत गडगडत राहतं. आधी कठड्याचा एखादा गज जातो, मग तो गजही जात्याबरोबर फिरायला लागतो, आणि बेंगळुरूला पोचेपर्यंत शेणाने सारवल्यासारखी तुम्ही रंगवलेली जमीन ओरखड्यांनी भरलेली असते. बाहेरचं खोकं मात्र कोरं करकरीत. म्हणून आपण पॅकिंग म्हणून बाहेरच्या खोक्याचा जेवढा विचार करतो, त्याच्या दुप्पट आतल्या खोल्यांचा करायचा. आत काही हलता कामा नये, आणि काही दाबलंही जाता कामा नये. दोन्ही एकदम साधणं हेच यातलं खरं काम आहे.

खोकं आणायच्या आधी घर एकदा तपासा. कुठली वस्तू कशाने चिकटवली आहे ते आठवून बघा. ग्लू गनने लावलेलं काहीही उन्हाळ्यात बंद ट्रकमध्ये सुटू शकतं, कारण तो गोंद मुळात उष्णतेने वितळवूनच लावलेला असतो. फेव्हिक्विकसारखे झटपट गोंद उलट कडक आणि ठिसूळ होतात, ओढ सोसतात पण हादरा सोसत नाहीत. दाराच्या पितळी कड्या, कोयंडे, भिंतीवरच्या खुंट्या या वाटेत गळून पडतात त्या यामुळेच. अशा ठिकाणी बारीक भोक पाडून टाचणीचा तुकडा आत घाला आणि दोन भागांच्या एपॉक्सीने बसवा. भिंतींच्या सांध्यांना पांढरा फेव्हिकॉल चालतो, फक्त तो पूर्ण वाळायला वेळ द्या. रंगाचंही तसंच. हाताला कोरडा लागला म्हणजे रंग वाळला असं नाही. वरचं वॉर्निश आतून ओलसर असेल तर त्यावर बबल रॅपचे गोल वळ उठतात आणि ते पुसून जात नाहीत. शेवटचा हात दिल्यावर निदान दोन आठवडे घर तसंच राहू द्या. ग्राहक घाई करत असेल तर त्याला कारण सांगा, लोक समजून घेतात.

आता सामान. जे सुटं निघतं ते सगळं बाहेर काढा. त्याआधी प्रत्येक खोलीचा समोरून एक फोटो घ्या. हाच फोटो पुढे ग्राहकाला सामान लावताना कामी येतो. भांडी, पाट, फडताळ, उखळ, देव्हारा, प्रत्येक वस्तू पातळ टिश्यूत गुंडाळायची आणि खोलीवार छोट्या झिप पिशव्यांत घालायची. पिशवीवर खोलीचं नाव. कापूस वापरू नका, त्याचे तंतू बारीक कोरीव कामात अडकतात आणि चिमट्याने काढत बसावं लागतं. जड वस्तू, म्हणजे जातं, पाटा-वरवंटा, पितळी हंडे, वेगळ्या डबीत. जड आणि नाजूक एका पिशवीत कधीच नाही.

ओटीवरच्या झोपाळ्याकडे नीट लक्ष द्या, कारण तुमच्या फोटोत तो साखळ्यांसकट टांगलेला दिसतोय. तो तसाच ठेवला तर प्रत्येक खड्ड्याला फळी मागच्या भिंतीवर आपटणार आणि आढ्यातल्या आकड्यांवर ताण येणार. फळी आकड्यांवरून उतरवा. चारही साखळ्या सरळ ताणून फळीच्या खालच्या बाजूला एकमेकींना न ओलांडता ठेवा, त्यावर टिश्यूची पट्टी, आणि वर दोरा सैलसर गुंडाळा. साखळ्या गोळा करून पिशवीत कोंबल्या तर त्यांचा गुंता होतो, आणि तो सोडवताना ग्राहकाच्या हातून कडी वाकते. आकडे तसेच राहू देत, फक्त प्रत्येकावर फोमचा बारीक तुकडा खोचा.

दिव्यांच्या बॅटऱ्या काढा. बटनासारखे लिथियम सेल असतील तर ते पार्सलमध्ये नकोच, विमानाने जाणाऱ्या मालात त्यांच्यावर निर्बंध असतात. ग्राहकाला सेलचा नंबर कळवा, ते कुठेही मिळतात. वायरी मागच्या भिंतीला कमी चिकटणाऱ्या पट्टीने बसवा. साधा ब्राऊन टेप रंगावर लावला तर काढताना रंगासकट निघतो.

मग रिकाम्या खोल्या भरायच्या. मी पांढऱ्या ईपीई फोमचे (पॉलिथिनच्या मऊ फोमचे) ठोकळे खोलीच्या मापापेक्षा किंचित लहान कापते आणि उरलेल्या फटीत चुरगाळलेला टिश्यू भरते. ठोकळा दाबून बसवावा लागत असेल तर तो मोठा आहे. वरचा मजला ठोकळ्यावर नुसता टेकला पाहिजे, त्याने मजला उचलला जाता कामा नये. थर्माकोलचे मणी कृपा करून वापरू नका. ते स्थिर विजेने कौलांच्या खाली, खिडकीच्या गजांत, सगळीकडे जाऊन चिकटतात आणि महिनोन् महिने निघत राहतात. दारं-खिडक्या बंद करून सुती फितीने बांधा, म्हणजे बिजागऱ्यांवर जोर येत नाही. समोरची भिंत उघडणारी असेल तर तिच्या आणि खोल्यांच्या मध्ये पातळ फोमचा एक सलग ताव घाला. खिडक्यांना ॲक्रिलिकच्या काचा असतील आणि त्यांच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नसेल तर ते तसंच राहू द्या.

छपराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळा खर्च तिथेच आहे. मोठ्या मालाचं भाडं कुरिअरवाले काट्यावरच्या वजनावर लावत नाहीत, जागेवर लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सहसा 5000 ने भागायचं. तुमच्या घराला चहूबाजूंनी दहा सेंटिमीटर गादी धरली तर खोकं होतं 95 × 65 × 90, म्हणजे 111 किलो. चौदा किलोच्या घराला 111 किलोचं भाडं! कुरिअरवाल्याने तुम्हाला फसवलेलं नाही, हिशेबच तसा आहे. आता छपराची दोन्ही पाखी (उतरत्या बाजू) आढ्यासकट सुटी करता आली आणि खालच्या घराची उंची 45 राहिली, तर ते खोकं 95 × 65 × 65 म्हणजे 80 किलो, आणि पाख्यांचं चपटं खोकं 90 × 45 × 20 धरलं तर 16 किलो. पंधरा किलो सरळ वाचले. त्याहून मोठा फायदा म्हणजे वरचा जडपणा गेला, घर वाटेत कलंडण्याची भीती कमी झाली, आणि कौलांवर दुसऱ्या कुणाचं पार्सल टेकण्याचा प्रश्नच मिटला. पाखी स्वतंत्र खोक्यात आडवी, कौलं वरच्या बाजूला, त्यावर फोम, आणि फोमवर पातळ प्लायचा तुकडा.

पुढचं घर करताना ते कुठून कसं बाहेर जाणार हे पहिल्या कागदावरच ठरवा. मूकपटांच्या काळातली हॉलिवूडची नटी कॉलीन मूर हिने करवून घेतलेला परीमहाल (एक मोठं बाहुलीघर) 1935 पासून मुलांच्या मदतनिधीसाठी अमेरिकेत गावोगावी फिरला. तो इतका फिरू शकला, कारण मुळात सुटा करून पेट्यांत भरता येईल असाच बांधला होता. 1949 पासून तो शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात आहे. आपल्याकडे वाड्याचं छप्पर, ओटी आणि तुळशी वृंदावन हे तीन भाग स्क्रूवर सुटे ठेवले तरी पुष्कळ झालं.

बाहेरचं पॅकिंग असं: घराचा तळ 12 मिलिमीटर प्लायवर खालून स्क्रूने आवळा. खिळे नकोत, ठोकताना सगळं घर हादरतं. प्लायखाली दोन रिपा मारा, म्हणजे हमालाला बोटं घालून उचलायला जागा मिळते. हे केलं नाही तर तो सोयीचं दिसेल तिथे धरतो. घरावर बटर पेपर, त्यावर स्ट्रेच रॅप हलक्या हाताने, मग बबल रॅप, मग पाच थरी पुठ्ठ्याचं खोकं. त्याच्या आठही कोपऱ्यांत फोमचे ठोकळे, आणि हे सगळं सात थरी मोठ्या खोक्यात, मध्ये पुन्हा पाच सेंटिमीटर फोम. दोन खोकी म्हणजे चैन वाटेल, पण बाहेरचं चेपतं तेव्हाच आतलं शाबूत राहतं. जून ते सप्टेंबरमध्ये पाठवणार असाल तर आतलं खोकं जाड पॉलिथिनमध्ये घाला आणि सिलिका जेलच्या पुड्या टाका. ओला पुठ्ठा निम्मासुद्धा भार सोसत नाही.

बंद केल्यावर दोघांनी मिळून खोकं चारही बाजूंना थोडं थोडं तिरकं करा आणि कान लावून ऐका. आतून बारीक टक् असा आवाज आला तरी पुन्हा उघडा. कंटाळा येतो, तरी उघडा.

कशाने पाठवायचं? कोल्हापूर–बेंगळुरू हा सरळ महामार्गाचा रस्ता आहे, बेळगाव, हुबळी करत रात्रभरात ट्रॅव्हल्सच्या गाड्या पोचतात आणि डिकीत पार्सल घेतात. स्वस्त आणि झटपट आहे, माल चढवताना तुम्ही स्वतः समोर उभ्या राहू शकता आणि गाडी बदलत नाही. दुसऱ्या टोकाला ग्राहकाने वेळेवर येऊन उतरवून घ्यायला मात्र हवं. पाख्यांचं आणि सामानाचं खोकं मी बिनधास्त असं पाठवीन. मोठं खोकं ट्रान्सपोर्टने, आणि बुक करताना विचारायचं की माल वाटेत किती गोडाउनांत उतरणार. जितक्या वेळा उतरणार तितकी भीती. ‘डोअर डिलिव्हरी’ म्हटलं तरी ती इमारतीच्या फाटकापर्यंतच असते का, तेही विचारून घ्या. ग्राहकाकडून लिफ्टच्या आणि घराच्या दाराचं माप आधीच मागवा. 65 सेंटिमीटरचं खोकं बहुतेक दारांतून जातं, पण जिन्याच्या वळणावर 95 ची लांबी अडते.

बिल्टीवर (ट्रान्सपोर्टवाल्याच्या मालाच्या पावतीवर) मालाची खरी किंमत लिहायला लावा. हमरस्त्यावरच्या मालवाहतुकीच्या 2007 च्या कायद्याखालच्या नियमांनुसार, तुम्ही जास्त किंमत जाहीर करून जास्त जोखमीचा दर भरला नसेल तर वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच राहते. 2,000 रुपये भाडं असेल तर 20,000, मग घर साठ हजारांचं का असेना. ‘मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का तर नाही ना, हे बघूनच सही करा आणि वेगळा ट्रान्झिट विमा घ्या. किंमत 50,000 च्या वर असेल तर ई-वे बिलाचंही (जीएसटीखाली माल नेताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदाचं) बघावं लागेल, तुमच्या कर सल्लागाराला विचारा. हा सगळा खर्च, प्लायपासून विम्यापर्यंत, ग्राहकाला वेगळ्या ओळीत आधीच दाखवा. घराच्या किमतीत मुरवला की आपणच नकळत फोम कमी करायला लागतो.

कुणाला घर परदेशी पाठवायचं असेल, आणि दुबई-न्यू जर्सीच्या मराठी मंडळींकडून अशी मागणी येते, तर लाकडी पेटीबद्दल एक नियम पाळावा लागतो. साध्या लाकडाच्या पेटीला आयएसपीएम 15 चा (लाकडातून कीड पसरू नये म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का लागतो, म्हणजे सहसा लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं हवं. प्लायवुडला हा नियम नाही, म्हणून पेटी आणि रिपाही प्लायच्याच करा. भाताचा पेंढा किंवा भुसा भरू नका. ऑस्ट्रेलियासारखे देश तो अजिबात आत घेत नाहीत, आणि गवती छपराचं घर असेल तर आधी तिथले नियम पाहूनच ऑर्डर घ्या.

खोक्याच्या वरच्या झाकणाखाली, सगळ्यात आधी हातात येईल असा, एक कागद ठेवा: कुठला स्क्रू आधी काढायचा, घर कुठे धरून उचलायचं (छपराला किंवा ओटीच्या खांबांना धरून कधीच नाही), ठोकळे कुठल्या खोलीपासून काढायचे. बेंगळुरूच्या ग्राहकासाठी लिखाणापेक्षा फोटो बरे. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढायला सांगा, विम्याच्या दाव्याला तो लागतो. उघडल्यावर लगेच दारं फिरवून बघू नका, दिवसभर हवेला राहू द्या, असंही सांगा. दमट हवेतून आलेली चौकट फुगलेली असते आणि दार ओढलं की बिजागरी निघते.

आता तुमची पाखी भिंतींवर चिकटवलेली आहेत की स्क्रूवर बसवली आहेत, हे फोटोवरून कळत नाही. चिकटवलेली असतील तर ती न तोडता सोडवता येतील का, हे जोड कुठल्या गोंदाचा आहे त्यावर ठरेल. आढ्याखालच्या सांध्याचा जवळून एक फोटो टाका, म्हणजे नेमकं सांगता येईल.