लांबचा रेल्वेप्रवास : डबा, किटली आणि पॅन्ट्रीचं बिल

प्रश्न : पुणे-हावडा प्रवास तीसेक तासांचा. डब्यातल्या पोळ्या दुसऱ्या दिवशी ओलसर होतात, आंबूस वास येतो. काय चुकतं? (चिंचवड)

उत्तर : पोळी गरम असताना डब्यात गेली की वाफेचं पाणी होतं आणि बुरशीला तेवढं पुरतं. फॉइलच्या घट्ट गुंडाळीत तर हमखास. साध्या पोळ्या पहिल्या जेवणापुरत्याच घ्या, पुढच्यासाठी दशम्या करा. पाव किलो कणीक, दोन मोठे चमचे तेल, चवीला मीठ आणि तापवून गार केलेलं दूध साधारण १५० मिली. पाणी अजिबात नको. दूध थोडं थोडं घालत पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा, वीस मिनिटं झाकून ठेवा. मध्यम आचेवर तेल सोडून सावकाश भाजा. कडा दाबून भाजायला विसरू नका, कच्ची राहते ती तिथेच. मग जाळीवर सुट्या पसरा. एकीवर एक रचल्या तर मधल्या बराच वेळ कोमट राहतात. पूर्ण गार झाल्या की सुती फडक्यात बांधा. दुधाने दशमी मऊ राहते. टिकते ती कमी ओलाव्यामुळे. तरी मे महिन्यात दुसऱ्या दुपारपर्यंत संपवाच.

सोबत शेंगदाण्याची किंवा कारळाची कोरडी चटणी, गूळ, लिंबाचं लोणचं. ओलं खोबरं, कच्चा कांदा, रस्सा नको. भाताचं मात्र कडक पाळा : शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जीवाणू वाढतो आणि त्याचं उलट्या करवणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. दहीभात नेलात तर गाडीत बसल्यावर पहिल्यांदा तोच खा.

प्रश्न : सात महिन्यांच्या बाळाच्या दुधासाठी इलेक्ट्रिक किटली नेली तर चालेल का? (नाशिक)

उत्तर : नाही. चार्जिंगचं सॉकेट मोबाइल-लॅपटॉपपुरतंच असतं. किटली लावणं धोक्याचं, शिवाय कारवाईला पात्र. फायदाही फारसा नाही : बहुतेक डब्यांत तिथे ११० व्होल्ट येतात, म्हणून घरची १५०० वॉटची किटली जेमतेम ३४० वॉटने तापते. अर्धा लिटर पाणी उकळायला आठेक मिनिटं, आणि तेवढा वेळ वायरिंगवर ताण. स्पिरिटचा स्टोव्ह किंवा छोटा सिलिंडर तर मनातही आणू नका. २०२३च्या ऑगस्टमध्ये मदुराईला उभ्या असलेल्या पर्यटक डब्यात सिलिंडरमुळेच आग लागून नऊ जण गेले.

एक लिटरचा चांगला स्टीलचा थर्मास घ्या. आधी उकळत्या पाण्याने भरून दहा मिनिटं ठेवा, ओता, मग पुन्हा उकळतं पाणी काठोकाठ भरा. अर्धवट भरला तर लवकर निवतो. पावडर कालवताना पाणी किमान ७० अंश हवं. नंतर बाटली गार पाण्यात धरून कोमट करा. उरलेलं दूध पुढच्या वेळेला ठेवू नका. थर्मास संपला तर पॅन्ट्रीत, म्हणजे गाडीतल्या स्वयंपाकघरात, उकळतं पाणी मागा, पण ते डोळ्यांसमोर उकळलेलं असू द्या.

प्रश्न : ई-केटरिंगने मागवलेलं जेवण गाडी उशिरा धावली तर मिळतं का? (सोलापूर)

उत्तर : बहुधा मिळतं, ऑर्डर पीएनआरवर असते आणि गाडीच्या खऱ्या वेळेकडे लक्ष ठेवलं जातं. अडचण येते ती स्वयंपाकघर बंद होण्याची. रात्री साडेनऊचं स्टेशन निवडलंत आणि गाडी दोन तास रखडली, तर उपाशी झोपाल. संध्याकाळी सात-साडेसातचं निवडा. थांबा किमान पाच मिनिटांचा हवा : मनमाड, भुसावळ, इटारसी यांसारखी जंक्शनं त्यासाठी बरी. दोन मिनिटांच्या थांब्यात पोऱ्याला तुमचा डबा गाठणंच कठीण. पैसे जेवण हातात आल्यावर द्यायचा पर्याय असेल तर तोच घ्या. नोंदणी ई-केटरिंगच्या संकेतस्थळावर किंवा १३२३ वर फोन करून.

प्रश्न : मेल-एक्स्प्रेसमध्ये थाळीचे दीडशे मागतात. खरा दर किती? (वसई)

उत्तर : ठरलेली शाकाहारी थाळी गाडीत ८० रुपये, स्टेशनवर ७०. तीत भात, पोळ्या किंवा पराठे, डाळ, भाजी, दही आणि लोणचं. मागताना नेमकं ‘स्टँडर्ड व्हेज मील’ म्हणा. नुसतं ‘थाळी’ म्हटलंत की पनीर घातलेलं महाग ताट पुढे येतं आणि त्याचा दर वेगळा असतो. रेल नीर, म्हणजे रेल्वेचं बाटलीबंद पाणी, एक लिटर २२ सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना आहे. बिल मागा, दिलं नाही तर पैसे देऊ नका, रेल्वेचाच तसा नियम आहे. तरी विक्रेता अडून बसला तर गाडीतूनच १३९ वर किंवा रेलमदद ॲपवर तक्रार करा. पीएनआर, डबा, बर्थ आणि वेळ लगेच लिहून ठेवा.