फसवणाऱ्या माणसातही देव पाहायचा का?

प्रश्न : ‘जें जें भेटे भूत । तें तें मानिजे भगवंत’ ही ज्ञानेश्वरीतील ओवी मला लहानपणापासून पाठ आहे. परंतु वडिलोपार्जित मालमत्तेच्या वाटणीत ज्या जवळच्या नातेवाइकाने मला फसवले, त्याच्यात काही केल्या देव दिसत नाही. मनात राग असताना त्याला नमस्कार करणे हे ढोंग नव्हे काय? आणि त्याच्यात भगवंत मानायचा, तर त्याच्याविरुद्ध दाद मागणेही सोडून द्यावे काय?

उत्तर : आधी देव दिसावा आणि मग नमस्कार घडावा, असे आपण गृहीत धरलेले दिसते. भागवताच्या एकादश स्कंधातील क्रम नेमका उलटा आहे. तेथे एकोणतिसाव्या अध्यायात श्रीकृष्ण उद्धवाला सांगतात की, हसणाऱ्या आप्तांकडे लक्ष न देता आणि देहाची लाज बाजूला ठेवून कुत्रा, चांडाळ, गाय, गाढव या सर्वांना भूमीवर दंडवत घालावा, आणि सर्व भूतांच्या ठायी भगवद्भाव उपजेपर्यंत कायावाचामने हीच उपासना चालू ठेवावी. म्हणजे ज्याच्या मनात तो भाव अजून उपजलेला नाही, त्याच्यासाठीच ही साधना सांगितलेली आहे. लोकांनी पाहावे म्हणून केलेला नमस्कार ढोंगाचा खरा. स्वतःचा ताठा मोडावा म्हणून केलेल्या नमस्काराला ते नाव देता येणार नाही.

वारीत ही साधना उघड्या डोळ्यांनी पाहता येते. तुळशीची माळ घातलेला म्हातारा समोर आलेल्या कोवळ्या पोराच्या पायांना हात लावू जातो, ते पोरही तितक्याच लगबगीने त्याच्या पायांशी वाकते, आणि आधी कोण वाकले हे ठरण्यापूर्वीच दोघांच्या तोंडून ‘माउली’ निघालेले असते. त्या क्षणी दोघांना अद्वैताचा साक्षात्कार झालेला असतो, असे कोणी म्हणणार नाही. पण वयाचा आणि मानाचा प्रश्न तेवढ्यापुरता तरी उरत नाही. अर्थात वारीत जे घडते ते गावात टिकतेच असे नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ही ओवी शतकानुशतके म्हटली जात असताना चोखोबांची समाधी मात्र पंढरपूरच्या मंदिराबाहेरच राहिली, आणि अस्पृश्य मानलेल्यांना विठ्ठलाचे दार उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले.

दाद मागण्याविषयी म्हणाल, तर ती अवश्य मागावी. ‘कोणाही जीवाचा न घडो मत्सर’ म्हणणाऱ्या तुकोबांनीच ‘दया तिचें नांव भूतांचें पाळण । आणिक निर्दाळण कंटकांचें’ असेही बजावले आहे. अन्याय मुकाट्याने सोसणे म्हणजे भक्ती, ही समजूत आपल्याकडे फार पसरली आहे आणि तिचा फायदा बहुधा अन्याय करणाऱ्यालाच होतो. सोडायचा आहे तो मत्सर. हक्क सोडण्याचे कारण नाही. शिवाय ज्याच्या मनातून द्वेष पुरता गेलेला नाही, अशा माणसासाठीही भागवतात जागा आहे. ईश्वरावर प्रेम, त्याच्या भक्तांशी मैत्री, अजाणांवर कृपा आणि द्वेष करणाऱ्यांची उपेक्षा, असे वागणाऱ्याला तेथे मध्यम भक्त म्हटले आहे. आपल्यासारख्या संसारी माणसांना तूर्त एवढे साधले तरी पुष्कळ झाले.

त्या नातेवाइकाच्या दारी जाऊन पाया पडण्याचीही गरज नाही. भागवताच्याच तृतीय स्कंधात कपिलमुनी आपल्या आईला, देवहूतीला, सांगतात की, ईश्वरच जीवरूपाने आत शिरलेला आहे असे समजून सर्व भूतांना मनाने प्रणाम करावा. तेव्हा न्यायालयाच्या आवारात तो समोर आला, तर मनातल्या मनात हात जोडावेत, त्याचे वाईट चिंतू नये, आणि वकिलाला जे सांगायचे ते काहीही न वगळता सांगावे.