तारीख घेण्याआधी विचार

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा सोनोग्राफीचा रिपोर्ट बघितला, त्याखालचे प्रश्नही वाचले. 36 आठवडे होत आलेत, बाळाचं डोकं वर आणि कुल्ले खाली. डॉक्टर ‘सिझेरियन करू’ म्हणाले, सासूबाई गुरुजींकडून मुहूर्त काढून आल्या, आणि पोटावरून हाताने बाळ फिरवता येतं असं कुणीतरी तुला सांगितलं. हे खरं की बायकांच्या गप्पा, असं तू मला विचारतेस.

खरं आहे. त्याला एक्स्टर्नल सेफॅलिक व्हर्जन म्हणतात, डॉक्टर नुसतं ईसीव्ही म्हणतील. पण हा प्रश्न माझ्याकडे का आला? तो तुझ्या डॉक्टरांसमोर खुर्चीत बसून विचारायचा होता. फिरवून घेच, असं मी म्हणत नाही. तारीख घेण्याआधी विचार, एवढंच म्हणते.

घाई करते, कारण वेळ थोडा आहे. 28 व्या आठवड्याला चार-पाचांतलं एक बाळ असंच बसलेलं असतं. दिवस भरेपर्यंत 100 मध्ये 3-4 उरतात, बाकीची आपली आपण फिरतात. तू पहिलटकरीण, तुझ्या पोटाचे स्नायू घट्ट, त्यामुळे यापुढे ते आपणहून फिरण्याची आशा कमी. ईसीव्ही पहिलटकरणीला 36 व्या आठवड्यापासून करतात, काही ठिकाणी 37 पूर्ण झाल्यावर. त्यानंतर बाळ मोठं होतं, पाणी कमी होतं, कुल्ले कटीत उतरून बसतात. माझ्याकडे बायका 39 व्या आठवड्यात यायच्या, हातात तारखेची चिठ्ठी घेऊन. तेव्हा काय फिरवू मी?

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, म्हणजे रात्री जागून नको ते व्हिडिओ बघणार नाहीस. आधी सोनोग्राफी, मग पोटाला पट्टे बांधून बाळाच्या ठोक्यांचा आलेख. लघवी करून यायचं. गर्भाशय सैल पडावं म्हणून टर्ब्युटालिनचं इंजेक्शन देतात. त्याने तुझी छाती धडधडेल, हात थरथरतील, ते थोड्या वेळात जातं. पोटावर जेल लावतात. एक हात ओटीपोटाशी जाऊन कुल्ले वर उचलतो, दुसरा बरगडीखालचं डोकं पुढे वाकवत खाली आणतो, आणि बाळ कोलांटी घेतं. तो कडक गोळा पोटावरून सरकताना तुलाही दिसेल. मध्ये थांबून ठोके बघतात. दुखतं, खोटं कशाला सांगू. पण काही मिनिटांचा मामला असतो, आणि तू ‘थांबा’ म्हणालीस की हात थांबलाच पाहिजे. नंतर पुन्हा आलेख काढतात.

पहिलटकरणींत 10 पैकी 4 वेळा जमतं, आधी बाळंत झालेल्यांत 6 वेळा. जमल्यावर बाळ पुन्हा उलटण्याची वेळ शंभरात पाचांवरही येत नाही. धोका आहे: वार, म्हणजे बाळाला पोसणारी ती, वेळेआधी सुटू शकते, ठोके घसरू शकतात, साधारण 200 मध्ये एकीला लगेच सिझेरियन लागतं. म्हणूनच हे ऑपरेशन थिएटर तयार असलेल्या दवाखान्यात करायचं. गावाकडची सुईण तेल लावून फिरवून देते, असं आजेसासूबाई म्हणाल्या तर हात जोडून नाही म्हण. तिथे ठोके कोण बघणार? आणि पायाळूवर, म्हणजे असं उलटं जन्मलेल्यावर, वीज पडते या बोलण्याने तर मुळीच घाबरू नकोस.

वार खाली असेल, रक्तस्राव झाला असेल, पाणी गेलं असेल, आलेख चांगला नसेल, तर डॉक्टर नाही म्हणतील. ते रास्त उत्तर. पण उत्तर मिळायला आधी प्रश्न हवा ना गं!

हे सगळं मागे का पडलं, तेही ऐक. 2000 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात टर्म ब्रीच ट्रायल हा अभ्यास आला, 26 देशांतल्या दोन हजारांवर बायकांचा. कुल्ल्यांकडून खालून बाळंतपण करण्यापेक्षा ठरवून केलेलं सिझेरियन बाळाला सुरक्षित, असा त्याचा निष्कर्ष. जगभरच्या दवाखान्यांनी तो उचलला. तुलना होती त्या दोघांतली. बाळ आधीच डोक्यावर आणायला त्यात कुणीच नको म्हटलं नव्हतं. पण ‘पायाळू म्हणजे सिझेरियन’ हे इतकं पाठ झालं की मधली पायरीच गळाली. इंग्लंड-अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्था आजही सांगतात की अडचण नसेल तर प्रत्येकीला हा पर्याय द्यावा. आपल्याकडे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खाजगी दवाखान्यांतली 47 टक्के बाळंतपणं सिझेरियनची निघाली.

माझे सहकारी मला हट्टी म्हणायचे. ‘बाईंना सुरी नको असते’ असंही बोललं जायचं. ते खोटं. सिझेरियन मी आयुष्यभर केली, त्याने वाचलेली बाळं या हातांनी बाहेर काढली. नाही जमलं तर मी कधी रेटलं नाही, दुसऱ्यांदा बघितलं आणि सोडलं. हट्ट होता तो विचारण्याचा. कारण तिसऱ्या खेपेला जुन्या टाक्यांवर वार रुतलेली बाई टेबलावर येते, रक्ताच्या पिशव्या धावपळ करून आणाव्या लागतात, कधी गर्भाशयच काढावं लागतं. पहिलं सिझेरियन कशासाठी, तर ‘पायाळू होतं’. फिरवून बघितलं होतं का? कुणी विचारलंच नव्हतं. हे ऐकून माझा जीव जळायचा, अजून जळतो. तुला दोन-तीन मुलं हवीत असं तूच म्हणाली होतीस, म्हणून तुझ्याशी एवढं भांडते आहे.

तुझे डॉक्टर करत नसतील तर रागावू नकोस, सगळे करत नाहीत. कोण करतं ते त्यांनाच विचार, जवळच्या मेडिकल कॉलेजात चौकशी कर. आणि सगळं ऐकून तुला नकोच वाटलं, किंवा करून जमलं नाही, तर खुशाल मुहूर्त घे. मी बारशाला येईन आणि एक शब्द काढणार नाही. पण तारीख घेण्याआधी विचार.

तुझा रक्तगट रिपोर्टवर नाही. निगेटिव्ह असेल तर फिरवल्यानंतर, तुझ्या आणि बाळाच्या रक्ताचं वाकडं येऊ नये म्हणून, अँटी-डीचं इंजेक्शन लागेल, तेही त्यांना सांग. सोमवारी अपॉइंटमेंट घे, नवऱ्याला बरोबर ने, आणि ते काय म्हणाले ते मला संध्याकाळी फोन करून कळव.

तुझी,
डॉक्टर मावशी