पहाटे पाचला जागे होणारे हात

गेल्या वर्षी श्रावणात गोव्यातल्या फोंड्याच्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. (त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहीत आहे.) खुर्चीवर बसण्याआधीच त्यांनी जो प्रश्न विचारला, तो पाळीव प्राणी गमावलेली माणसे मला हमखास विचारतात: "एका मांजरासाठी इतके रडणे हे वेडाचे लक्षण तर नाही ना?" त्यामागोमाग, आवाज खाली आणून, त्या म्हणाल्या, "यजमान गेले तेव्हा मी इतकी रडले नव्हते. मग मी कसली बायको?"

मांजरीचे नाव ठमी. सात वर्षांपूर्वी वाहनाची धडक बसून कमरेखाली लुळे पडलेले ते पिल्लू बाईंना बसस्थानकाजवळ सापडले आणि त्यांनी ते बाजाराच्या पिशवीत घालून घरी आणले. मणक्याला अशी इजा झाली की प्रश्न केवळ पायांचा राहत नाही. लघवी आपसूक होत नाही, मूत्राशय तुंबते, वारंवार संसर्ग होतो आणि पुढे दुखणे मूत्रपिंडांवर जाते. म्हणून पशुवैद्यांनी शिकवल्याप्रमाणे बाई पहाटे पाचला, दुपारी एकला आणि रात्री नऊला ठमीचे पोट हलके दाबून तिची लघवी काढीत असत. या वेळापत्रकापायी त्या पुण्याच्या मुलाकडे एकदाही मुक्कामाला गेल्या नव्हत्या. शेवटच्या वर्षी मूत्रपिंडे निकामी होत गेली, घरीच कातडीखाली सलाईन द्यावे लागे, आणि आषाढात ठमीने दोन दिवस तोंडात काहीच घेतले नाही तेव्हा बाईंनी दयामरणाच्या संमतिपत्रावर सही केली. भेटायला कोणी आले नाही. जाऊबाईंनी फोनवर विचारले, "मांजराचे सुतक धरलेस की काय गो?"

ज्या दुःखाला आजूबाजूची माणसे दुःख मानतच नाहीत, त्याला केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ साली एक संज्ञा दिली. तिचा अर्थ आपण 'समाजमान्यता नाकारलेला शोक' असा करू शकतो. यजमान गेले तेव्हा दहावे, तेरावे झाले, घर माणसांनी भरले, स्वयंपाक शेजाऱ्यांनी केला. ठमीसाठी यांतले काहीच नव्हते. त्यामुळे कोणासाठी किती अश्रू आले हा हिशेबच चुकीचा आहे, असे मी बाईंना सांगितले. ते त्यांना पटले, पण हलके मात्र वाटले नाही.

पुढची चूक माझी. मी त्यांना ठमीला पत्र लिहायला सांगितले. हा उपाय पुष्कळांना लागू पडतो. बाईंनी मात्र समास आखून, परिच्छेद पाडून, शुद्धलेखनाची एकही चूक नसलेला निबंध आणला आणि तपासायला द्यावा तसा माझ्यापुढे ठेवला. आम्ही दोघीही हसलो.

मग मी विचारले, "बाई, लघवी काढायची कशी, ते मला दाखवाल का?" त्यांनी सोफ्यावरची उशी मांडीवर आडवी घेतली, डावा हात तिच्या छातीखाली दिला आणि उजव्या हाताचा अंगठा व बोटे दोन्ही कुशींवरून सावकाश मागे नेली. "इथे लिंबाएवढे लागते. दाब वाढवायचा, पण झटका द्यायचा नाही. आणि तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले की थांबायचे," असे म्हणताना त्यांची बोटे उशीवर थबकली, आणि तेव्हा त्या रडल्या. दिवसातून तीनदा, सात वर्षे, म्हणजे साडेसात हजारांहून अधिक वेळा केलेले काम हातांत मुरलेले असते. अपंग प्राण्याची सेवा केलेल्या माणसांचा शोक मला पुष्कळदा आठवणींपेक्षा या हातांत आणि घड्याळात सापडतो.

खरी गाठ मात्र तिसऱ्या भेटीत सुटली. ठमी गेली त्या रात्री बाई सकाळी सातपर्यंत गाढ झोपल्या होत्या. जाग आली तेव्हा अंग हलके वाटले, आणि त्याच क्षणी स्वतःची किळस आली. "म्हणजे मी सुटण्यासाठीच सही केली." मी "तुम्ही योग्यच केले" असे म्हटले नाही, अशी प्रशस्तिपत्रके अपराधभावापुढे टिकत नाहीत. सहीच्या दिवशी त्यांना काय काय माहीत होते, ते त्यांनाच कागदावर लिहायला लावले: रक्ततपासणीचे आकडे, बंद झालेले खाणे, डॉक्टरांचे शब्द. झोपेचा उल्लेख त्या कागदावर कुठेच आला नाही, कारण ती झोप सहीनंतरची होती. थकलेले शरीर झोपते. त्याने कट केलेला नसतो.

असा शोक काही महिने चालला म्हणून मी घाबरत नाही. मात्र आठवडेच्या आठवडे जेवण-झोप तुटली, रोजची कामे ठप्प झाली, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर मी बांबोळीच्या मनोविकार संस्थेत पाठवते. नकोसेपणाचा विचार रात्री-अपरात्री आला तर 'टेली मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी-सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावायला सांगते. बाईंवर ती वेळ आली नाही. त्यांच्या पशुवैद्यांनी धडक बसलेल्या दुसऱ्या एका मांजराच्या मालकाला हे काम शिकवाल का, असे विचारले, तेव्हा त्यांनी "आत्ता नाही" म्हटले. मीही आग्रह धरला नाही.

गणपतीची चवथ झाल्यावर त्या शेवटच्या आल्या. घरात मांजर असले की माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळापानांच्या मांडवीवर, डोळा ठेवावा लागतो. ठमीला उडी मारता येत नसे, म्हणून ती खाली लोळत गळणारी पाने पकडायची. यंदा बाईंनी माटोळीचा एक वेल मुद्दाम जमिनीपर्यंत सोडला होता. जाऊबाईंनी कारण विचारले, तेव्हा त्यांनी ते सांगून टाकले.

"आणि पहाटे?" मी विचारले.

"पाचला जाग येतेच. पडून राहते, पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजेपर्यंत."