आतला आधार गेला, की वरचा थर टिकत नाही

प्रश्न : काका, हिंगणा एमआयडीसीत माझं प्रेसचं छोटं वर्कशॉप आहे. डी-2 या टूल स्टीलच्या पंचांनी आम्ही 2 मिमी एमएस (माइल्ड स्टील) पत्र्यात भोकं पाडतो. धार लवकर जाते म्हणून पंच बाहेरून नायट्रायडिंग (भट्टीत वरच्या थरात नायट्रोजन मुरवून तो कडक करणं) करून आणले. आधी रॉकवेल कडकपणा 60 होता, आता 56 भरतो आणि कडेचे कण उडतात. पैसे पाण्यात गेले का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, पंच भंगारात टाकू नका. आधी सांगा, हार्डनिंगनंतर (तापवून, थंड करून कडक केल्यावर) टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा बेताचं तापवणं, किती डिग्री सेल्सियसला झालं होतं? मला वाटतं, 200 च्या आसपास. नायट्रायडिंगची भट्टी 500 च्या पुढे, तीही तासन्‌तास चालते. तिथे तुमचं पोलाद पुन्हा टेम्पर झालं आणि गाभा नरम पडला. वरचा थर 1000 विकर्सच्या (कडकपणाचं दुसरं माप) पुढे कडक, पण खालून आधार नाही, म्हणून दाब आला की तडकतो.

तुमचा 56 हा गाभ्याचाच आकडा आहे. रॉकवेल सीचं हिऱ्याचं टोक 150 किलोच्या भाराने तो पातळ थर भेदून आत जातं. थर मोजायचा तर कमी भाराचं विकर्स करून घ्या.

हीच चूक मीही केली आहे. एका गिऱ्हाईकाचा पंच परत आला. भिंगाखाली धरला, तर कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती. त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून टेम्परिंगचा आकडा वहीत लिहिल्याशिवाय एकही जॉब भट्टीत घातला नाही.

नवे पंच करताना हार्डनिंग 1050 च्या आसपास आणि टेम्परिंग 530 ला दोनदा सांगा. इतक्या टेम्परिंगनंतरही डी-2 मध्ये 58 च्या आसपास राहतो. मग फिनिश ग्राइंडिंग, आणि सगळ्यात शेवटी 480–500 ला प्लाझ्मा (विजेने भारलेल्या वायूतलं) नायट्रायडिंग. खोली 0.05 मिमी पुरे. धारेच्या कोपऱ्यात नायट्रोजन दोन्ही बाजूंनी शिरतो, त्यामुळे जास्त खोली आणि व्हाइट लेयर (अगदी वरचा ठिसूळ थर) तिथेच घात करतात. व्हाइट लेयर नको, हे चलनावर लिहूनच द्या. पुढे धार लावताना फक्त तोंड ग्राइंड करा. पत्र्याशी घासतात त्या बाजू, त्यांचा थर तसाच राहू द्या.

सोनेरी टायटेनियम नायट्राइड कोटिंगचं मन असेल, तरी ते 2–4 मायक्रॉनच असतं आणि बहुधा 450 च्या आसपास चढतं. म्हणजे पाया आधी तसाच पक्का हवा.

आत्ताच्या पंचांचं तोंड 0.3 मिमी ग्राइंड करा. दुहेरी नायट्रोजन प्यायलेला कोपरा निघून जाईल. मग ते 1 मिमीच्या पत्र्याला लावा, डाय (पंच ज्यात उतरतो तो खालचा साचा) मात्र त्या जाडीच्या पत्र्यासाठीची हवी. आणि 2 मिमी पत्र्याच्या डायचा क्लिअरन्सही (पंच आणि डाय यांच्यातली फट) एकदा मोजाच. एमएस पत्र्याला एका बाजूने 0.10 ते 0.12 मिमी हवा. तो कमी असेल, तर कुठलाही थर चढवा, धार जाणारच.