फुल टँकवर ९०० किमी? कॅराव्हॅन मागे असताना नाही

प्रश्न: काका नमस्कार, आम्ही मेलबर्नला असतो. सेकंडहँड २० फुटी कॅराव्हॅन घेतलीय आणि सप्टेंबरच्या सुट्टीत नलारबोरचं पठार पार करून पर्थला जायचा बेत आहे, आम्ही दोघं, दोन मुलं आणि सांगलीहून आलेले आई-बाबा. गाडी सात सीटर डिझेल, टाकी ८० लिटर, फुल केली की डॅशबोर्डवर ९०० किमी दाखवतं. मित्र म्हणतात वाटेतल्या रोडहाऊसवर (हायवेवरचा पंप आणि मुक्कामाची जागा) डिझेल फार महाग, तीन जेरीकॅन भरून न्या आणि मधले पंप सोडत चला. हे बरोबर आहे का? आणि मुक्काम कुठे करावेत?

उत्तर: आई-बाबांना घेऊन निघताय हे वाचून फार बरं वाटलं, समुद्राला लागून जाणारं ते उजाड पठार एकदा बघावंच. पण ९०० चा आकडा आधी डोक्यातून काढा. गाडी एकटी धावली त्या सरासरीवरून तो येतो, मागे अडीच टनांचं घर जोडलंय हे त्याला बऱ्याच उशिरा कळतं. तुमच्यासारखी गाडी अशी कॅराव्हॅन ओढताना १०० किमीला १६ ते १८ लिटर सहज पिते. टाकीतले १५ लिटर नाहीतच असं समजायचं, उरले ६५, म्हणजे १८ च्या हिशोबाने साधारण ३६० किमी. हा तुमचा खरा आकडा, आणि तोही वारा नसेल तर.

वाऱ्याचं जरा सविस्तर सांगतो कारण सगळे इथेच फसतात. सप्टेंबरात पश्चिमेकडून फ्रंट, म्हणजे वादळी हवेचे पट्टे, येतात आणि तुम्ही पश्चिमेलाच चाललेले असता. ताशी ९० ने जाताय आणि समोरून ३० चा वारा आहे तर कॅराव्हॅनच्या तोंडावर १२० चा वारा आदळतो, आणि हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. तेव्हा खप २२ वर गेला की तेच ६५ लिटर ३०० किमीच्याही आत संपतात. माझ्यासोबत पहिल्या फेरीत हेच झालं, एका रोडहाऊसवर भाव बघून न भरता पुढे निघालो, दुपारी वारा सुटला आणि शेवटचे ४० किमी डिझेल संपत आल्याचा दिवा लागलेला, ताशी ६० ने, बायको-मुलं गप्प. तेव्हापासून टाकी अर्धी झाली की समोर दिसेल त्या पंपावर भरतो, भाव विचारत नाही.

आता अंतरं बघा. सेडूना हे पठाराच्या अलीकडचं शेवटचं मोठं गाव, तिथून पलीकडच्या नॉर्समनपर्यंत साधारण १,२०० किमी. सेडूना ते नलारबोर रोडहाऊस अंदाजे ३०० पण मध्ये पेनॉंग आणि नंड्रू आहेत. नलारबोर ते बॉर्डर व्हिलेज १८५ च्या आसपास, पुढे १२ किमीवर यूक्ला, मग मुंड्राबिला, मडूरा, कॉकलबिडी, कायगुना हे सगळे ६५ ते ११५ च्या अंतराने. त्यानंतर मात्र कायगुना ते बॅलाडोनिया १८० आणि बॅलाडोनिया ते नॉर्समन १९०. म्हणजे सगळ्यात मोठा टप्पासुद्धा २०० च्या आत आहे, घाबरायचं काहीच कारण नाही, फक्त कायगुना आणि बॅलाडोनिया दोन्हीकडे टाकी भरायचीच. बॅलाडोनिया सोडलंत तर एका टाकीत ३७० किमी, आणि त्यातला १४६ किमीचा रस्ता सरळ रेषेत, एकही वळण नाही, वारा समोरून असेल तर लपायला जागा नाही.

जेरीकॅनचं मी तरी नाही म्हणेन. तीन कॅन म्हणजे ६० लिटर, लिटरमागे समजा ६० सेंट वाचले तर सगळे मिळून ३६ डॉलर, आणि त्यासाठी ५० किलो वजन वाढवायचं. डिझेल गाडीच्या किंवा कॅराव्हॅनच्या आत ठेवायचंच नाही, मग ठेवणार कुठे? खरी काळजी मला वजनाचीच वाटते. कॅराव्हॅनच्या वजनाच्या साधारण १० टक्के भार टो-बॉलवर, म्हणजे ती जोडायच्या गाडीमागच्या गोळ्यावर, येतो, अडीच टनांची असेल तर २५० किलो, आणि तो गाडीच्याच पेलोडमधून (गाडीला पेलायची मुभा असलेलं वजन) वजा होतो. त्यात सहा माणसं, बॅगा, आईंची मसाल्याची पेटी. निघायच्या आठवडाभर आधी सगळं भरून, सगळ्यांना बसवून वजनकाट्यावर नेऊन आणा प्लीज, मॅन्युअलमधल्या आकड्याच्या वर गेलात तर सामान कमी करा. टायर आणि ब्रेक दोन्ही त्यावर अवलंबून आहेत.

मुक्काम सेडूनापासून पुढे चार दिवसांत करा, वयस्कर माणसं आहेत तर त्याहून घाई नको. पहिला नलारबोर रोडहाऊसला, त्याच्या २० किमी आधी हेड ऑफ बाइटचा फाटा लागतो, सप्टेंबरात तिथे कड्यावरून व्हेल दिसतात, जाऊन-येऊन २४ किमी डिझेलमध्ये धरा. दुसरा यूक्लाला, तिसरा कायगुनाला, चौथा नॉर्समनला. शाळेच्या सुट्ट्या आहेत तर जागा आधी बुक करा. संध्याकाळ व्हायच्या आत थांबायचं, कांगारू आणि वॉम्बॅट त्याच वेळेला रस्त्यावर येतात आणि मागे कॅराव्हॅन असताना एकदम ब्रेक मारून भागत नाही. यूक्लाच्या पट्ट्यात घड्याळ वेगळंच आहे, दक्षिण ऑस्ट्रेलियापेक्षा ४५ मिनिटं मागे आणि पर्थच्या ४५ मिनिटं पुढे, त्यामुळे पंप किती वाजता बंद होतो ते तिथल्या घड्याळाप्रमाणे विचारून घ्या. थोडी कॅश ठेवा, पाणी सेडूनालाच भरून घ्या, वाटेत टाकी भरायला पाणी मिळेल असं धरू नका. ट्रकवाले यूएचएफ रेडिओच्या ४० नंबरवर असतात, रोडट्रेन (अनेक ट्रेलर जोडलेला लांब ट्रक) मागून आली की दोन शब्द बोला, ते ओव्हरटेक करताना तुम्ही आपला वेग थोडा कमी करा.

आणि आईंना आधीच सांगून ठेवा, बॉर्डर व्हिलेजला राज्याच्या सीमेवर तपासणी असते, तिथे कोथिंबीर, मिरच्या, आलं, फळं, मध सगळं काढून घेतात. आदल्या रात्री भाज्या शिजवून संपवा.

प्रश्न: काका, मला ओढायला भीती नाही वाटत पण पंपावर कॅराव्हॅन अडकेल याची वाटते, रिव्हर्स अजून जमत नाही. काय करू? (एक वाचक, ॲडलेड)

उत्तर: मग रिव्हर्सची वेळच येऊ देऊ नका. गावात मुक्काम असेल तर कॅराव्हॅन पार्कमध्ये आधी ती सोडा आणि नुसती गाडी घेऊन डिझेल आणि किराणा उरका, मी आजही असंच करतो. हायवेवर ट्रकची लेन असलेला पंप बघा, आत शिरायच्या आधी बाहेर पडायची वाट कुठे आहे ते दिसलं पाहिजे, दिसत नसेल तर सरळ पुढे जा, म्हणूनच टाकी अर्धी असताना थांबायचं. ट्रकच्या लेनमधला मोठा हाय-फ्लो पाइप मात्र आपल्या गाडीला लावू नका, नळी जाड असते आणि गेली तरी डिझेल इतक्या जोरात येतं की बाहेर उसळतं, बाजूला साधा पाइप आहे का ते विचारा. आणि रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या मैदानात तासभर रिव्हर्सची प्रॅक्टिस कराच, हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला ठेवायचा, मग हात ज्या बाजूला न्याल त्याच बाजूला कॅराव्हॅनचं मागचं टोक जातं.